लांगदॉक : 'हो'वरून नाव पडलेला द्राक्षांचा मुलूख



आपल्या बेळगावात 'हो' म्हणायच्या किती तऱ्हा आहेत, एकदा मोजून बघा. घरात 'हो', खेड्याहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी 'व्हय', भाजीवालीशी घासाघीस करताना 'हौदु', आणि गोव्याच्या मावशीचा फोन आला की 'हय'. आपण एका दमात चारही बोलतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटत नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेला मात्र एका अख्ख्या मुलखाचं नावच 'हो' या शब्दावरून पडलंय. लांगदॉक. 'लांग' म्हणजे भाषा आणि 'ऑक' म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं 'हो'. उत्तरेकडचे लोक 'हो'ला 'ओईल' म्हणायचे, त्याचंच घासून आजचं फ्रेंच 'वी' झालं. दक्षिणेकडचे 'ऑक' म्हणायचे. इटलीच्या दान्तेने सातशे वर्षांपूर्वी भाषांची वर्गवारी याच खुणेवर केली होती : ओईलवाले, ऑकवाले आणि 'सी' म्हणणारे इटलीवाले. आज ती ऑकची भाषा, म्हणजे ऑक्सितान, बोलणारे थोडे उरलेत. पण तो 'ऑक' जगभर पोचतो, कारण तो वाइनच्या बाटलीवर छापलेला असतो : 'पेई दॉक', म्हणजे ऑकचा मुलूख.

आता कौटुंबिक अंकात वाइन कशाला, असा प्रश्न काही काकूंना पडेल, म्हणून आधीच सांगतो. वाइनचं आणि माझं नातं पिणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं जास्त आहे. कंपनीच्या कामासाठी मी चौदा महिने माँपेलिएला होतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या, द्राक्ष बागायतदाराच्या घरातल्या. शनिवारी दुपारी त्या अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, अर्धा पेला स्वतःला आणि बोटभर मला ओतायच्या, आणि मग दोन तास बोलायच्या. माझं फ्रेंच तेव्हा 'दूध कुठे मिळेल' इथपर्यंतच होतं, त्यामुळे पहिले दोन महिने मी नुसती मान हलवली. पुढे कळायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की बाई वाइनबद्दल फारसं बोलतच नव्हत्या. त्या शेतीबद्दल बोलत होत्या. आणि अथणीकडे माझ्या मामाची द्राक्षबाग असल्यामुळे ते सगळं मला ओळखीचं वाटत होतं.

आधी मुलूख कसा आहे ते सांगतो. ऱ्होन नदीच्या मुखापासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत भूमध्य समुद्राला अर्धचंद्रासारखा वेढा घातलेला हा पट्टा आहे. पुढे समुद्र, त्याला लागून खाऱ्या पाण्याची उथळ तळी, मग सपाट मैदान, मग रानटी थाईम आणि रोजमेरीच्या झुडपांनी भरलेले चुनखडीचे माळ, आणि मागे डोंगर. दक्षिणेच्या टोकाला थेट पिरेनीज. रेल्वेने सेत गावावरून आग्दकडे निघालात की एका खिडकीतून समुद्र आणि दुसरीतून तळं दिसतं, मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून गाडी जाते. पाऊस कमी, ऊन भरपूर, आणि वारा तर विचारू नका. त्रामोंतान नावाचा वायव्येचा कोरडा वारा सुटला की सायकल पुढे जात नाही. पण हाच वारा घडावरचा ओलावा उडवून नेतो, त्यामुळे बुरशी कमी लागते. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग फवारण्या वाचत असतील की रे!" बागायतदाराचं डोकं कुठं चालतं बघा.

या एका पट्ट्यात द्राक्षाखाली सुमारे दोन लाख हेक्टर जमीन आहे, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरवर माती बदलते, उंची बदलते, त्याबरोबर पेयही बदलतं. सगळं सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. बाईंनी मला जिथे जिथे नेलं, तेवढंच सांगतो.

तो नावाच्या तळ्यात लाकडी मांडवांना दोर बांधून त्यावर कालवं वाढवतात. तळ्याच्या काठावर पिकपूल नावाचं पांढरं द्राक्ष होतं, त्याची वाइन आंबट, हलकी, लिंबासारखी. कालव आणि पिकपूल ही तिथली आपल्या माशाच्या आमटी-भातासारखी जोडी. आमच्या गोव्याच्या मावशीला मी फोटो पाठवला तर तिचा एकच प्रश्न : "कालवं कच्चीच खातात?" हो मावशी, कच्चीच.

तिथून तासाभरावर फोझेर. तिथली जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे उभे-आडवे थर. माती जवळजवळ नाहीच. वेलीची मुळं भेगांतून खाली खाली जातात आणि पीक थोडं येतं. नारबॉनजवळचा ला क्लाप हा डोंगर रोमनांच्या काळी चक्क बेट होता, नदीच्या गाळाने मधली खाडी भरून आली आणि तो जमिनीला जोडला गेला. नारबॉन हे शहरच रोमनांनी इसवी सनापूर्वी ११८ मध्ये वसवलेलं. द्राक्षं तिथे तेव्हापासूनची. आणखी आत, डोंगराच्या गारव्याला लिमू गाव. तिथले लोक छातीठोकपणे सांगतात की फसफसणारी वाइन आमच्याकडच्या मठात १५३१ मध्येच होत होती, शाम्पेनवाले नंतरचे. शाम्पेनवाल्यांसमोर हा विषय काढू नये.

आणि अगदी स्पेनला टेकलेलं बान्यूल्स. तो भाग खरं तर रूसियों. तिथली भाषा कातालान, आणि १६५९ च्या तहाआधी तो स्पेनच्या राजाकडे होता. समुद्रात उतरणाऱ्या डोंगरावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात, त्यावर वेली. ट्रॅक्टर चढतच नाही. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात मद्यार्क घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. ही युक्ती तेराव्या शतकात माँपेलिएला वैद्यक शिकवणाऱ्या आर्नाऊ दे व्हिलानोव्हाच्या नावावर सांगतात. पुढे काही जण ती गोड वाइन मोठ्या काचेच्या बुधल्यांत भरून उन्हात ठेवतात. गच्चीवर मुरांब्याच्या बरण्या ठेवलेल्या असाव्यात तसं ते दृश्य दिसतं. चवही मनुका आणि कोकोच्या जवळची.

एवढं वैविध्य असूनही शंभर वर्षं या मुलखाची ओळख काय होती? स्वस्त, पाणचट लाल वाइन. हे कसं झालं, हीच मला यातली ऐकण्यासारखी गोष्ट वाटते.

१८५० च्या दशकात रेल्वे आली. उत्तरेतल्या कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांना रोजची स्वस्त वाइन हवी होती आणि दक्षिणेला ऊन होतं. लोकांनी मैदानात आरामों नावाचं वाण लावलं. पीक धो धो येणारं, चवीला आणि रंगाला फिकं. मग १८६३ च्या सुमारास याच भागातल्या गार जिल्ह्यात वेली वाळायला लागल्या, कारण कळेना. माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी १८६८ मध्ये मुळं उकरून पाहिली तेव्हा त्यावर बारीक पिवळे किडे सापडले. फायलोक्सेरा. अमेरिकेतून आलेला किडा. औषधं झाली, बागा पाण्यात बुडवून झाल्या. शेवटी उपाय सापडला तो असा, की अमेरिकन रानवेलीचं मूळ आणि त्यावर युरोपातल्या द्राक्षाचं कलम. अमेरिकन मुळाला त्या किड्याची सवय होती.

हे ऐकून मामा एकदम ताठ बसला. "म्हणजे आमचा डॉगरिज!" तासगाव, अथणी, नाशिक कुठेही जा, बागायतदार आधी डॉगरिजचा खुंट लावतो आणि मग त्यावर कलम करतो. तो खुंट मूळचा टेक्सासमधल्या रानवेलीचा आहे. आपल्याकडे तो खारं पाणी आणि कोरडी जमीन सोसतो म्हणून वापरतात, तिकडे कारण किड्याचं होतं, पण युक्ती तीच. मामा तीस वर्षं डॉगरिज लावतोय, त्यामागे फ्रान्समधली एवढी वाताहत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण दरम्यान तुटवड्याच्या काळात लोक भलतं शिकले होते. द्राक्ष पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी आणि साखर घालायची की पुन्हा 'वाइन' तयार. साखर उत्तर फ्रान्सच्या बीटची. १९०३ मध्ये साखरेवरचा कर उतरला आणि हा धंदा आणखी सोपा झाला. शिवाय अल्जीरियाची वाइन जहाजं भरभरून येत होती आणि इथे पीकही अमाप येत होतं. भाव कोसळले. आमच्या घरमालकीणबाई सगळा दोष साखरेला देतात, मला वाटतं पिकाचाही तेवढाच होता. पण ज्याच्या घरात पिंपं भरून पडलीत आणि गिऱ्हाईक नाही, त्याला डोळ्यांसमोर भेसळच दिसणार.

११ मार्च १९०७ ला आर्झेलिए नावाच्या लहानशा गावातून ८७ माणसं चालत नारबॉनला निघाली. पुढे होता मार्सलँ आल्बेर, गावातला कॅफेवाला आणि छोटा बागायतदार. सरकारी समिती चौकशीला आली होती, तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं होतं. समितीने ऐकून घेतलं. माणसं परत आली, पण थांबली नाहीत. दर रविवारी सभा. मे महिन्यात नारबॉनला ऐंशी हजार, पुढच्या रविवारी बेझिएला दीड लाख, मग पेर्पिन्यां, कार्कासॉन, नीम. ९ जूनला माँपेलिएच्या चौकात पाच लाखांहून जास्त माणूस जमला. मोबाइल नाही, बस नाही. माझ्या ऑफिसची वाट त्याच चौकातून जायची. ट्रामची वाट बघत मी कितीदा तिथे उभा राहिलो, तेव्हा हे ठाऊकही नव्हतं. त्या सभांत फ्रेंचबरोबर ऑकची भाषाही घुमत होती.

मागणी एवढीच होती की वाइन म्हणजे द्राक्षाची, हे कायद्याने ठरवा. शेकडो गावांच्या पंचायतींनी राजीनामे दिले, कर भरणं थांबलं. पंतप्रधान क्लेमांसो यांनी फौज धाडली. नारबॉनचा महापौर फेरूल याला पहाटे घरातून उचलला, त्यावर लोक उसळले आणि १९ व २० जूनला गोळीबार झाला. माणसं मेली. त्यांत बाजाराला आलेली वीस वर्षांची एक मुलगी होती. बातमी सतराव्या पायदळ पलटणीला कळली. त्या पलटणीतली पोरं याच गावांतली, म्हणजे गोळ्या घालायच्या कुणावर, तर बापावर नाहीतर भावावर. पाचशेच्या आसपास शिपाई बंदुका घेऊन बरॅकीतून बाहेर पडले आणि रातोरात चालत बेझिएला येऊन भर रस्त्यात बसले. लोकांनी त्यांना खायला-प्यायला दिलं. पुढे त्यांना ट्युनिशियाच्या वाळवंटात पाठवलं गेलं.

आणि आल्बेरचं काय झालं? तो लपतछपत पॅरिसला जाऊन थेट क्लेमांसोंना भेटला. पंतप्रधानांनी लोकांना शांत करायला सांगितलं आणि परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट हातात ठेवली. मग ती गोष्ट पत्रकारांना सांगितली. झालं. गावी परतेपर्यंत आल्बेर विकला गेला अशी बोंब झालेली. त्याने पैसे परत केले तरी डाग पुसला नाही. १९२१ मध्ये तो गरिबीत वारला. हे सांगताना बाईंचा आवाज दर वेळी चढायचा, जणू कालच घडलंय.

कायदा मात्र झाला, २९ जून १९०७ ला. पाणी आणि वारेमाप साखर घालण्यावर बंदी, आणि प्रत्येकाने किती पीक आलं ते जाहीर करायचं. आज फ्रेंच वाइनच्या नियमांची जगभर टवाळी होते की किती किचकट म्हणून, त्यांची मुळं बऱ्याच अंशी भेसळीविरुद्धच्या या भांडणात आहेत.

दुसरी गोष्ट तिथे उभी राहिली ती सहकाराची. बेझिएजवळच्या मारोसां गावात लहान बागायतदार १९०१ मध्ये एकत्र आले, १९०५ मध्ये त्यांनी सामाईक तळघर बांधलं आणि व्यापाऱ्याला टाळून थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना वाइन विकली. समाजवादी पुढारी झाँ झोरेस ते बघायला आले होते. पुढे गावोगाव अशी तळघरं झाली. आपल्या साखर पट्ट्यातून गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येतात : गावाच्या वेशीवर मोठी इमारत, दारात ट्रॉल्यांची रांग, वजनकाटा, आणि काट्याशी चाललेली वादावादी. बाईंचे वडील अशाच एका संस्थेचे सभासद होते. संस्था वजन आणि गोडीवर पैसे द्यायची, मग कोण कशाला कमी आणि चांगलं पिकवेल? सहकाराने माणसं जगवली, पण चव कित्येक वर्षं जिथल्या तिथे राहिली, असं माझं मत झालं. बाईंना ते मान्य नव्हतं.

१९६० नंतर फ्रेंच माणूस रोजची वाइन कमी प्यायला लागला आणि पुन्हा पिंपं भरून राहिली. मग सरकारने पैसे देऊन वेली उपटायला लावल्या. बाईंच्या वडिलांनीही ऐंशीच्या दशकात अर्धी बाग उपटली. यंत्र आलं त्या दिवशी ते घराबाहेर आले नाहीत. बुंधे पुढे दोन हिवाळे शेकोटीला पुरले, एवढंच त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

दरम्यान काही जणांनी उलटी वाट धरली. आनियान गावाजवळ एमे गिबेर या कातड्याच्या व्यावसायिकाने जमीन घेतली. भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी ती तपासून सांगितलं की ही उत्तम द्राक्षाची जमीन आहे. १९७८ पासून त्याची वाइन निघाली आणि 'साध्या देशी' वर्गात विकली जाऊनही नावाजली गेली. मग डोंगरातल्या जुन्या, दुर्लक्षित कारिन्यांच्या वेलींकडे लोकांचं लक्ष गेलं. या वेली म्हणजे तार नाही, मांडव नाही, गुडघ्याएवढी वेडीवाकडी झुडपं, काही सत्तर-ऐंशी वर्षांची. पीक मूठभर.

दुकानात बाटली बघितलीत तर दोन प्रकारची लेबलं दिसतील. एकावर गावाचं किंवा भागाचं नाव : फोझेर, कोर्बिएर, पिक सँ-लू. तिथे कुठलं द्राक्ष, एकरी किती पीक, सगळं नियमाने ठरलेलं. दुसऱ्यावर 'पेई दॉक', हा वर्ग १९८७ पासूनचा. त्यात पन्नासहून अधिक वाणांना परवानगी आणि द्राक्षाचं नाव ठळक छापायची मुभा. पहिल्यात जमीन बोलते, दुसऱ्यात वाण. स्वस्तात चांगली मिळते ती बहुतेक दुसऱ्यात.

आता नवी चिंता उन्हाची. २८ जून २०१९ ला एरो जिल्ह्यात पारा ४६ अंशांवर गेला, हिरवी पानं आणि घड दिव्याच्या ज्योतीवर धरल्यासारखे करपले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्बिएरच्या डोंगरात वणवा पेटला, सुमारे १६ हजार हेक्टर जळालं. बाईंनी मला फोटो पाठवले. त्यात एक होता : दोन्ही बाजूंचा डोंगर काळा आणि मधे हिरवी चौकोनी बाग. वेलींखालची जमीन नांगरून मोकळी असते, आग तिथे अडते. जिथे बागा उपटून झुडपं वाढू दिली होती, तिथे ती अडली नाही. फोटोखाली बाईंनी फक्त वडिलांच्या बागेच्या जागेचं नाव लिहिलं होतं.

तोच फोटो गेल्या महिन्यात मामाला दाखवला. त्याने तो मोठा करून करून बघितला, आगीपेक्षा वेलींकडे जास्त.

"वर्षातनं किती छाटण्या करतात?"

एकच, म्हटलं. थंडीत वेल झोपलेली असते तेव्हा.

"एकच? आम्ही एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मजूर शोधता शोधता जीव जातोय." मग जरा थांबून, "आणि दर कोण ठरवतंय तिकडं?"

व्यापारी, मोठी दुकानं, थोडंफार संस्था, असं मी सांगितलं.

"म्हणजे तिकडं पण आपण नाहीच," मामा म्हणाला आणि बेदाण्याच्या शेडकडे निघाला. दारातून वळून म्हणाला, "परत गेलास तर त्या बाईंना सांग, एखादी चांगली छाटणीची कात्री बघून ठेवा म्हणावं. पैसे देतो."